तुरुंगाधिकाऱ्याची साक्ष

मराठी वाचकाला तुरुंगाची ओळख झाली ती कैद्यांच्या लेखणीतून. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी उतरून घेतली. पुढल्याच वर्षी गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली. ज्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, त्याने मात्र फारसे काही लिहिले नाही. नोकरीत असताना बोलण्याची त्याला मुभा नसते आणि निवृत्तीनंतर त्याला कोणी विचारीत नाही. तिहार कारागृहात १९८१ पासून सुमारे पस्तीस वर्षे काढलेल्या सुनील गुप्ता यांचे ‘ब्लॅक वॉरंट’ हे पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झाले व २०२५ मध्ये त्यावर मालिकाही निघाली. पण वाचकांचे व प्रेक्षकांचे लक्ष गेले ते मुख्यतः त्यांनी पाहिलेल्या आठ फाशींकडे आणि नामांकित कैद्यांकडे. तुरुंगाधिकाऱ्याच्या साक्षीतील खरा महत्त्वाचा भाग याहून साधा आहे आणि म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो.

त्याचे आयुष्य मोजणीत जाते. पहाटे बराकी उघडताना मोजणी आणि सायंकाळी टाळेबंदीच्या वेळी पुन्हा मोजणी. एक डोके कमी भरले तरी सगळा तुरुंग जागच्या जागी थांबतो. मधल्या वेळेत नव्या बंद्यांची नोंद, न्यायालयाच्या तारखा, नातेवाइकांच्या मुलाखती, शिधा, आजारी माणसांची रवानगी, संचित रजेचे व अभिवचन रजेचे अर्ज अशी कामे चालू असतात. न्यायालयात नेण्यासाठी पोलिसांचे पथक आले नाही, तर बंद्याची तारीख हुकते. त्याचा राग निघतो तो समोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यावर. १८९४ च्या तुरुंग कायद्याने तर या अधिकाऱ्यालाही जवळजवळ बंदिवानच करून ठेवले होते. अधीक्षकाची लेखी परवानगी नसेल तर जेलरने तुरुंगातच राहावे आणि तशा परवानगीवाचून एक रात्रही तुरुंगाबाहेर काढू नये, असे त्या कायद्याने बजावले होते. शिक्षा संपली की कैदी बाहेर पडतो. अधिकारी मात्र निवृत्तीपर्यंत त्याच भिंतींच्या आत वावरतो.

याचा अर्थ त्याला निर्दोष ठरवावे असा नव्हे. तुरुंगातील मारझोड, पैशाने विकत घेतलेल्या सवलती आणि दांडगट कैद्यांची सत्ता या गोष्टी अधिकाऱ्यांच्या डोळेझाकीवाचून चालू शकत नाहीत. सुनील बत्रा या तिहारमधील कैद्याने एका सहबंद्यावर झालेल्या अत्याचाराविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठविले, तेव्हा आरोप तुरुंगातील वॉर्डरवरच होता. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. परंतु ही डोळेझाक कशातून जन्मते हेही पाहावयास हवे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजारांची होती आणि आत ५ लाख ७३ हजार माणसे होती. माणसे अधिक आणि पहारेकरी अपुरे अशी स्थिती असली की बराकीतला कारभार नकळत तेथील बलवानांच्या हाती जातो. कैद्यांतूनच पहारेकरी नेमण्याची सोय तर १८९४ च्या कायद्यानेच करून ठेवली होती.

याहूनही बोचरी गोष्ट म्हणजे या पावणेसहा लाखांपैकी ४ लाख ३४ हजार माणसे कच्चे कैदी होती. चारांतल्या तिघांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नव्हता. संभाव्य शिक्षेहून अधिक काळ केवळ खटल्याची वाट पाहत कोठडीत काढलेले बंदी १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात बिहारमध्ये आढळले, तेव्हा देश हळहळला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम ४७९ अन्वये एक तरतूद केली आहे. प्रथमच आरोपी ठरलेल्याने संभाव्य कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, तर इतरांनी निम्मा काळ कोठडीत घालविल्यास त्यांना सोडण्याचा मार्ग तीत आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे असलेले आरोपी यांतून वगळले आहेत. ही मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कायद्याने कारागृह अधीक्षकावर टाकले आहे. म्हणजे गरीब बंद्याची सुटका आता तुरुंगाच्या कचेरीतील नोंदवहीवर अवलंबून आहे. ती नोंदवही चोख ठेवणारा कारकून तेथे नसेल, तर कायद्यातील ती ओळ कागदावरच राहील.

जुन्या सवयी किती चिवट असतात, हे ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने दाखविले. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत जातीनुसार कामे वाटण्याची कलमे होती. झाडलोट एका जातीला आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीला अशी ही वाटणी होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कलमे रद्द केली आणि नोंदवहीतील जातीचा रकानाही काढावयास सांगितला. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षे हे नियम तुरुंगाच्या कपाटात होते व अधिकारी ते रोज हाताळीत होते. त्यांतील कोणाला ते खटकले नसतील असे मानवत नाही. पण खटकले तरी ते सांगावयाची जागा त्यांना नव्हती.

वेगळे काही घडूच शकत नाही, असे मात्र नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत उभारली. मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने तेथे शिक्षा झालेली माणसे भिंतीवाचून शेती करू लागली. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. कैद्यावर विश्वास टाकावा असे वाटणारा अधिकारी तेव्हा भेटला, कारण वरचे राज्यकर्ते त्याच्या पाठीशी उभे होते.

न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने १९८०–८३ मध्ये तुरुंगांची पाहणी करून या सेवेसाठी स्वतंत्र अखिल भारतीय केडर असावे, असे सुचविले होते. ती सूचना धूळ खात पडली. तुरुंग हा राज्यांच्या यादीतील विषय असल्याने केंद्राने २०२३ मध्ये आदर्श कायदा तयार करून तो राज्यांकडे पाठविला. नवे कायदे करताना राज्यांनी निवृत्त तुरुंगाधिकाऱ्यांना बोलावून त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे, कारण कोणता नियम पाळता येत नाही आणि कोणता सर्रास मोडला जातो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. आता नोकरीची भीतीही त्यांना उरलेली नाही. फाशीच्या हकीकती ऐकावयास आपण उत्सुक असतो. तेवढ्याच उत्सुकतेने त्यांना एकदा असेही विचारावे, की तुमच्या कारकिर्दीत किती माणसे विनाकारण आत राहिली आणि ती का राहिली?