जिराफाची मान आणि आमचे क्रियापद

मुलांसाठी लिहिलेल्या विज्ञानाच्या गोष्टींत एक जिराफ हटकून भेटतो. उंच फांदीवरचा पाला हवा म्हणून तो मान ताणतो, त्याची पोरे आणखी ताणतात आणि काही पिढ्यांनी मान लांब होते. शेजारी चित्र मात्र दाढीवाल्या डार्विनचे! हा जिराफ लामार्कचा आहे, १८०९ सालचा. पण आमची तक्रार तेवढ्यापुरती नाही. बालसाहित्याला कर्ता लागतो, कर्त्याला इच्छा लागते आणि इच्छेला फळ यावे लागते. 'प्रयत्नांती परमेश्वर' आपण निसर्गाच्याही गळ्यात बांधले आहे. 'निवड' म्हटले की निवडणारा कोणीतरी डोकावतो. 'उत्क्रांती'तला 'उत्' तर सरळ वर बोट दाखवतो.

वास्तविक मराठीत 'उरणे' हे साधे, निरिच्छ क्रियापद आहे. ते घेऊन सांगून पाहा. गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ साली पाऊस पडला नाही. मऊ, बारीक बिया संपल्या. उरल्या त्या मोठ्या, टणक आणि काटेरी, म्हणजे आपल्या सराट्याच्याच कुळातल्या. जाड चोचीच्यांना त्या फोडता आल्या. मध्यम चणीच्या फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के नाहीसे झाले. एकाही पक्ष्याची चोच ताणून मोठी झाली नाही. जाड चोचीचे अधिक उरले, आणि आईबापांची चोच पिलांत उतरते म्हणून पुढची पिढी जाड चोचीची निघाली. १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बियांचा सुकाळ झाला आणि पुढच्या टंचाईत लहान चोचीचे अधिक तगले. म्हणजे 'वर' असे काही नव्हतेच.

एवढे मरण मुलांना कशाला सांगायचे, असे सौम्य प्रकृतीचे संपादक विचारतात. चिऊताईच्या गोष्टीत कावळ्याला बसणारा चटका चालतो, तो बहुधा कावळ्याने ओढवून घेतलेला असतो म्हणून! शिक्षा चालते, अकारण मरण चालत नाही. म्हणूनच जिराफ मान ताणत राहतो.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळलेला २०२३ मध्ये उघड झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला. तो रास्तच होता. पण गाळलेले पान निदान डोळ्यांत भरते. मान ताणणारा जिराफ वर्षानुवर्षे छापला जातो आणि आम्ही साहित्याची माणसे तो शास्त्राचा प्रश्न म्हणून सोडून देतो. कर्ता, क्रियापद आणि प्रयोग ही तर आमचीच खाती!

फिंचांची गोष्ट नीट सांगितली तर मूल विचारीलच, की मग लहान चोचीच्यांचे काय चुकले होते? काहीही नाही, असे तेव्हा सांगावे लागेल.