व्हिएन्नातले दोन मोकळे दिवस

आमच्या वस्तीतला एक मुलगा पुढच्या महिन्यात ऑस्ट्रियाच्या राजधानीला, व्हिएन्नाला जाणार आहे. पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो विक्रीचे काम पाहतो. आठ दिवसांचा मुक्काम, त्यात शनिवार-रविवार मोकळा. वडील गिरणीत होते; परदेशी जाणारा घरातला हा पहिलाच. परवा तो आमच्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "काका, कामाचं मी बघून घेईन. पण त्या दोन दिवसांत करू काय? खोलीवरच बसतो. उगीच कुठे शिरलो आणि कोणी हटकलं तर?"

हे 'कोणी हटकलं तर' आमच्या मनाला लागले. आमच्या पिढीच्या पायातही तेच अडकत आले आहे. आम्ही स्वतः व्हिएन्ना पाहिलेले नाही. तरी वाचलेले आणि जाऊन आलेल्यांकडून ऐकलेले सारे त्याच्यापुढे मांडले.

कामाचे थोडक्यात सांगितले. दहाची वेळ म्हणजे दहाच. तिथे पदवीला फार मान आहे, लोक ती दारावरच्या पाटीवरही लावतात. कार्डावर 'मागिस्टर' किंवा 'डॉक्टर' असेल तर तसेच संबोधावे. शुक्रवारी दुपारनंतर कचेऱ्या रिकाम्या होऊ लागतात, म्हणून महत्त्वाचे बोलणे त्याआधी उरकावे. त्यात आळस नाही. कायद्यानेच तिथल्या नोकरदाराला वर्षाला पाच आठवडे पगारी रजा मिळते, आणि माणसे ती घेतातही. (आमच्या कचेरीत एका दिवसाच्या रजेचा अर्ज देताना घसा कोरडा पडतो, ते असो.)

आता मोकळा वेळ. तिथल्या कॉफीगृहात एक कप कॉफी मागवावी, सोबत पाण्याचा पेला येतो. लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रे असतात. तासन् तास बसा, कोणी उठवत नाही. ही रीत ऑस्ट्रियाने २०११ साली आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी रशियातून परागंदा झालेला ट्रॉट्स्की 'काफे सेंट्राल'मध्ये बुद्धिबळ खेळत बसे. सरकारी ऑपेरात उभे राहून पाहण्याची स्वस्त तिकिटे मिळतात. लोक कठड्याला रुमाल बांधून आपली जागा राखतात. प्राटर नावाचे मोठे उद्यान राजघराण्याच्या शिकारीचे रान होते. १७६६ साली सम्राट दुसरा योझेफ याने ते सर्वांना खुले केले. तिथला उंच पाळणा १८९७ पासून उभा आहे.

पण आम्ही त्याला सगळ्यात आधी जायला सांगितले ते कार्ल-मार्क्स-होफला. यू-४ या मेट्रोने हायलिगेनश्टाट या शेवटच्या स्टेशनावर उतरले की समोरच. १९२७ ते १९३० या काळात नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली ही चाळ एक किलोमीटरहून लांब आहे, खोल्यांचे बिऱ्हाड तब्बल १३८२. चाळ म्हटले तरी आमच्यासारखी नव्हे. धुण्याची सोय, स्नानगृहे, बालवाड्या, ग्रंथालय आणि मधोमध मोठमोठी हिरवी अंगणे. पैसा आला तो १९२३ च्या घरबांधणी करातून, ज्यात मोठ्या घरांवर बोजा जास्त होता. १९३४ च्या फेब्रुवारीत सरकारने या इमारतीवर तोफा डागल्या. आजही तिथे माणसे राहतात. गॅलरीत कपडे वाळत असतील, त्यांचे फोटो काढू नकोस, अंगणातल्या बाकावर बस, असे सांगितले.

"बाकावर बसून करायचं काय?" त्याने विचारले.

"काहीच नाही," आम्ही म्हणालो. तो हसला. वडिलांना कधी असे बसलेले त्याने पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवसासाठी डॅन्यूबमधले बेट सुचवले. पुरापासून शहर वाचवण्यासाठी १९७२ ते १९८८ मध्ये नवा प्रवाह खोदला, त्याच्या मातीतून हे २१ किलोमीटर लांब बेट झाले. पोहायला पैसे पडत नाहीत. पोहण्याची चड्डी घेऊन जा म्हटल्यावर तो लाजला.

रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात आणि शनिवारीही संध्याकाळी सहाला मिटतात. तेव्हा सहाच्या आत पाव, दूध, फळे घेऊन ठेव, एवढे मात्र आम्ही त्याच्या वहीत स्वतः लिहून दिले.