हजार खाती, एकच पीक

थकबाकीचा विषय निघाला की उत्तर तयारच असतं : कर्जमाफीने शेतकऱ्याची सवय बिघडली. जैवविविधतेचं नाव काढलं, तर पाखरा-किड्यांचा बँकेच्या खतावणीशी काय संबंध, असा उलट सवाल येतो. माफीच्या आशेने हप्ता थांबवणारे आहेत, हे मान्य. पण २०२२ चा पावसाळा आठवा. लातूर जिल्ह्यात नुकतं उगवलेलं सोयाबीन शंखी गोगलगायी रातोरात फस्त करत होत्या. माणसं गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती शेतात अंथरत आणि पहाटे त्यांखालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकत. कित्येकांना दुबार पेरावं लागलं. पुढच्याच वर्षी पिवळा मोझॅक आला. पांढऱ्या माशीने तो शेतोशेत नेला, शेंगा पोचट राहिल्या. ही थकबाकी कोणत्या सवयीची?

पूर्वी इथल्या खरिपात ज्वारी, तूर, मूग, उडीद आणि कडेला अंबाडी असे. मूग गेला तरी तूर हाती लागे. आता या बांधापासून त्या बांधापर्यंत सोयाबीन, तेही कितीतरी वर्षं मुख्यतः जेएस-३३५ हे एकच वाण. बँकेला वाटतं, आपण हजार खातेदारांना पीककर्ज वाटलं. कीड हजार सातबारे वेगळे मोजत नाही. नांदेडकडच्या कापूसवाल्यांना हे २०१७ मध्ये बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने दाखवलं.

सोयाबीनने पैसा दिला, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्या पैशावर घरं उभी राहिली, मुलं शिकली. पण २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात तेवढाही मिळेना. विमा आहे ना, म्हणाल. एकाचं बुडालं तर दुसऱ्याचं तरलं, या हिशेबावर विमा चालतो. अख्खं महसूल मंडळ एकदम पिवळं पडल्यावर तो हिशेब सरकारी तिजोरीवरच येतो.

नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने २०२० मध्येच मोजलं : तिथल्या वित्तसंस्थांची ५१० अब्ज युरोंची गुंतवणूक निसर्गावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. एक टक्काही जंगल नसलेल्या लातूरने तर हे आधी मोजायला हवं होतं. मिश्रपिकाला कमी व्याज द्या, कर्जाच्या अर्जात बांधावरची झाडंही विचारा. सोयाबीनच्या चार ओळींनंतर दोन ओळी तुरीच्या, ही पद्धत इथे ठाऊक आहेच. सोयाबीन हातचं गेलं तरी ती तूर डिसेंबरात उभी असते, आणि मार्चअखेरचा हप्ता तिच्यातूनच निघतो.