जादा तासाची कमाई

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळांना सुट्टी लागलेली असेल. तरी जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत एखादा वर्ग उघडा दिसेल. डिसेंबरात केंद्राची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा, फेब्रुवारीत राज्याची शिष्यवृत्ती. दप्तरात चिवड्याची पुडी टाकून आलेली पोरं आरशातली प्रतिमा ओळखत असतात, गटात न बसणारं पद शोधत असतात आणि मास्तर घड्याळ समोर ठेवून बसलेले असतात. उत्तराचा गोल पेनाने रंगवायचा; एकदा रंगवला की खोडायची सोय नाही. आठवीच्या शिष्यवृत्तीत तर काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर, आणि दोन्ही रंगवले तरच गुण. नुसत्या हुशारीवर हे जमत नाही, सवय लागते.

यंदा अंकाचा विषय ‘शिक्षणाचा खर्च’ ठरला आणि लेख आले ते बहुतेक परदेशी विद्यापीठांचे, लाखांच्या कर्जांचे. म्हणून इथे जरा लहान रकमांबद्दल.

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा 1954-55 पासूनची. चौथी-सातवीची ही परीक्षा 2016-17 मध्ये पाचवी-आठवीला गेली. पण जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथीपर्यंतच. त्यांच्या हातून ही परीक्षाच निसटली. आता ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं आहे. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं. प्रत्येक पेपरात 40 टक्के मिळाले की मूल पात्र ठरतं. पैसे मात्र गुणवत्ता यादीत नाव लागलेल्यांनाच मिळतात. निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर हा फरक कळणारी घरं कमी नाहीत.

एनएमएमएस केंद्राची, 2008 पासूनची. आठवीतल्या मुलांसाठी, तीही सरकारी, अनुदानित किंवा पालिका-जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे 90-90 गुणांचे दोन पेपर. देशभरात वर्षाला एक लाख शिष्यवृत्त्या, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682. नववी ते बारावी महिना हजार रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48 हजार. शहरात एका क्लासची एका वर्षाची फी याहून जास्त असते, हे जाता जाता.

खरी परीक्षा निकालानंतर सुरू होते. निवड झालेल्या मुलाने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा. तो आधी शाळेने तपासायचा, मग जिल्ह्याने. आधारवर ‘गणेश’, शाळेच्या दाखल्यावर ‘गणेशकुमार’, की अर्ज अडकला. दरवर्षी नूतनीकरण. दहावीला 60 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 55) मिळाले नाहीत तर पुढचे पैसे बंद. हे सगळं चौदा वर्षांच्या मुलाने आणि ऊसतोडीला गेलेल्या त्याच्या आईबापांनी निस्तरायचं. प्रत्यक्षात निस्तरतात ते गुरुजी किंवा बाई, स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या डेटावर. म्हणून आम्हाला वाटतं की गुणपत्रिकेवर नाव मुलाचं असलं, तरी मोजली जाते ती त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या मोठ्या माणसाची चिकाटी. जिथे असं माणूस नाही तिथलं तितकंच तल्लख पोर यादीत दिसतच नाही, आणि आपण खुशाल म्हणतो, त्या तालुक्यात गुणवत्ता नाही.

म्हणून परीक्षाच बंद करा, असं आम्ही म्हणणार नाही. 1963 साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021 मध्ये थांबली. तिच्या जागी तशा तोलाचं काही आलं नाही. त्या थांबण्याने कोणा गरीब मुलाचं भलं झाल्याचं आम्हाला तरी दिसलेलं नाही. मागायचंच तर दोन गोष्टी मागू. एनएमएमएसची रक्कम 2017 मध्ये पाचशेची हजार झाली ती तिथेच थबकली आहे, ती वाढवा. आणि निवड झालेल्या मुलाच्या कागदपत्रांची जबाबदारी शाळेच्या दाराशी येऊन तालुक्याच्या कार्यालयाने घ्यावी, मुलाने नव्हे.

तोवर वाचकांकडे एक काम. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी पालिकेच्या शाळेत आठवीत असेल, तर फराळाच्या ताटाबरोबर एवढं विचारा: एनएमएमएसचा फॉर्म भरलाय का? उत्पन्नाचा दाखला काढलाय का? नसेल तर तहसील कचेरीत एक चक्कर तिच्याबरोबर मारा. दाखल्याला दिवस लागतात.