गाडी आपोआप शिकत नाही

"चालवत राहा सर, गाडी आपोआप शिकते की!"

गॅरेजवाल्याचं हे वाक्य महिनाभर डोक्यातून जात नाही. जन्मभर मुलांना शिकवलं, पण आपोआप शिकलेलं एकही मूल पाहिलं नाही.

त्याचं असं झालं. भाच्यानं ऑटोमॅटिक गाडीला हौसेनं मोठे टायर बसवले. 29 इंचांच्या जागी 32. मग गाडी ओढेना, म्हणून डिफरन्शियलचे दातेही बदलले. गुणोत्तर 3.73 होतं, ते 4.11 झालं. गाडीतल्या संगणकाला मात्र कुणी काही कळवलं नाही. आम्ही तुळजापूरला निघालो. घाटात दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरला अडकून बसली. मागे मालट्रक, मागच्या सीटवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आमच्या सौ. आईनं तारलं म्हणायचं!

मराठी माध्यमातल्या बी.ए.ला यातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. पण त्रैराशिक तर कळतं! 32 भागिले 29 म्हणजे 1.10. चाकांवरून वेग मोजणारा काटा 80 दाखवतो, तेव्हा गाडी 88 नं पळत असते. आणि दाते बदलले की गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचे फेरे आणि चाकांचे फेरे यांचा मेळ तुटतो. संगणकाला पाठ करून दिलेलं गुणोत्तर जुनंच. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगू लागले, की तो बिघाड झाला असं समजतो आणि गिअरबॉक्स वाचवायला गाडी एका गिअरमध्ये धरून ठेवतो. त्याचं काय चुकलं?

"आपोआप शिकते" हे अर्धसत्य आहे. क्लच प्लेटा झिजतील तसा तेलाचा दाब कमीजास्त करणं, गिअर हळुवार टाकणं, एवढं तो सवयीनं जुळवून घेतो. टायर केवढा आणि दाते किती, हे त्याला सांगावंच लागतं. पाढाच चुकीचा दिला, तर मूल घोकून घोकून चूकच पक्की करतं.

आम्हा सोलापूरकरांना तरी हे वेगळं सांगायला नको. चादरीवरची नक्षी जकार्डच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवर असते. एका आडव्या धाग्याला एक पत्ता. मागाचं चाक बदलून इंचातले धागे वाढवले आणि पत्ते तेच ठेवले, तर मोर बसका निघतो. 'माग शिकेल आपोआप' असं कुठला विणकर म्हणतो का?

मुळात असे बदल कायद्यात बसतात का, हेही आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहे, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे. हौस त्यानंतर.

आणि परवानगी असलीच, तर बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या : टायरचं माप, नवं गुणोत्तर, आणि दोन्ही आकडे संगणकात भरल्याची नोंद. मग मोबाइलच्या जीपीएसवर वेग ताडून पाहा. ज्याला संगणकाचं काम येत नाही, त्यानं दाते बदलायचे पैसे घेऊ नयेत. अर्धा धडा शिकवून पूर्ण फी घेणाऱ्याला आमच्या वेळी मास्तर म्हणत नसत.

भाच्यानं जुने टायर आणि जुने दाते परत बसवले. परवा म्हणाला, "मामा, खर्च दुप्पट झाला."

म्हटलं, "घाटात झाला असता, त्यापेक्षा कमीच."