शंकानिरसन म्हणजे चर्चा नव्हे

आभासी वर्गातील साहित्याध्यापनाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुतांशी व्याख्यानांच्या चित्रफितींविषयी असते. व्याख्यान किती मिनिटांचे असावे, पडद्यावर मजकूर किती यावा, आवाज स्वच्छ कसा राहील, हे प्रश्न निरर्थक नाहीत. तथापि साहित्याचा विद्यार्थी घडतो तो व्याख्यान ऐकून कमी आणि संहितेविषयी इतरांशी मतभेद करून अधिक, ही गोष्ट या साऱ्या खटाटोपात बाजूला पडते, असे मला वाटते.

'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमाची चार अंगे आहेत: चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चापीठ. यांपैकी चौथ्या अंगाचे प्रयोजन विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन हे सांगितले जाते. गोम येथेच आहे. शंकेला उत्तर असते आणि उत्तर मिळाले की शंका संपते. एखाद्या कवितेच्या दोन वाचनांतील विरोध असा संपत नाही. किंबहुना तो संपू नये म्हणूनच आपण कविता पुन्हा वाचतो. गणिताच्या किंवा लेखाशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी योग्य असलेली ही कल्पना साहित्याने जशीच्या तशी का उचलावी?

मराठीच्या अभ्यासकाला तर याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले, ते ज्यांनी ज्यांनी चक्रधरांच्या लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, आणि जमविलेले नागदेवाचार्यांपुढे ठेवून. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. या पाठांत जेथे स्मरणे जुळली नाहीत, तेथे भिन्न स्मरण 'वासना' म्हणून नोंदले गेले. पुसले गेले नाही. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ अशा रीतीने एका समुदायाच्या विचारपुशीतून आकाराला आला आहे. त्या समुदायात अधिकारी व्यक्ती होती, पण तिचे काम सर्वांच्या वतीने बोलण्याचे नव्हते.

आभासी माध्यमात असा समुदाय उभा राहूच शकत नाही, असे माझे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. साठ विद्यार्थी एका छताखाली मुकाट्याने वही भरत असतील, तर त्यांनाही समुदाय म्हणता येणार नाही. मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातील अंतराचा विचार करताना ते मैलांचे अंतर नसून संवादाच्या अभावाचे अंतर आहे, असे प्रतिपादन केले होते. ते अंतर वर्गातही असते. उलट लेखी चर्चेत जो विद्यार्थी वर्गात कधी तोंड उघडत नाही, त्याला विचार करून लिहिण्यास अवधी मिळतो. बहिणाबाई चौधरींच्या कवितेची चर्चा अशा गटात चालली असता जळगावकडील विद्यार्थिनी एखाद्या शब्दाचा घरातील वापर सांगते, तेव्हा कोकणातल्या विद्यार्थ्याला कोशापलीकडचे काहीतरी मिळते, आणि प्राध्यापकालाही. एका महाविद्यालयाच्या वर्गात ही दोघे सहसा एकत्र येत नाहीत.

अर्थात हे आपोआप घडत नाही. 'प्रत्येकाने किमान दोन प्रतिसाद द्यावेत, त्यास पाच गुण' असा नियम केला की 'सरांच्या मताशी सहमत आहे' अशा ओळींचा पाऊस पडतो. गट आठ-दहांचाच हवा. प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर मार्गदर्शकात सापडणार नाही. 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर पराभूत आहे काय, यापेक्षा त्याच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर निवेदनाची भाषा कोठे बदलते ते दाखवा, असे विचारावे. मग प्रत्येकाला पुस्तक उघडावेच लागते. शिक्षकाने पहिले दोन-तीन दिवस आपले मत राखून ठेवावे, हे सर्वांत अवघड. आपण बोललो की चर्चा थांबते, हा आपल्या व्यवसायाचा जुना दोष आहे. रोमन लिपीत लिहिलेली मराठीही प्रारंभी चालवून घ्यावी. भ्रमणध्वनीवर देवनागरी उमटविण्याचा सराव नसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शुद्धलेखनासाठी अडविले, तर तो पुन्हा लिहीत नाही.

खरी अडचण अन्यत्र आहे. व्याख्यानाचे तास कार्यभारात धरले जातात. चाळीस विद्यार्थ्यांची टिपणे रात्री वाचून त्यांतील दोन परस्परविरोधी टिपणे समोरासमोर आणण्याचे काम आमच्याकडे कोणत्याही पत्रकात येत नाही. परिणामी चर्चापीठ उघडे राहते आणि ओस पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या विनियमांन्वये 'स्वयम्'द्वारे घेता येणाऱ्या अभ्यासक्रमांची मर्यादा २० वरून ४० टक्क्यांपर्यंत वाढविली आहे. म्हणजे संहितेविषयी कोणाशीही एकदाही न भांडता पदवीचा मोठा हिस्सा पुरा करणारा मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी आता शक्य झाला आहे. तोच उद्या अध्यापक म्हणून आपल्या विभागात येईल. अभ्यासमंडळांनी श्रेयांक मान्य करताना त्या अभ्यासक्रमात चर्चेचे नियोजन कोणी केले आहे आणि त्यासाठी शिक्षकाला किती तास दिले आहेत, एवढे तरी विचारावे.