आज रोख, उद्या उधार

‘फंक्शनल प्रोग्रॅमिंग दिसायला सुंदर, पण चालायला स्लो.’ कॉलेजच्या लॅबपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत हे ऐकू येतं. हे खोटं आहे. पण ते पसरायला फंक्शनलवालेच जबाबदार आहेत. त्यांनी आळसालाच तत्त्वज्ञान करून टाकलंय.

१९९० साली आलेली हास्केल मुळातच ‘लेझी’. बेरीज सांगितली की ती लगेच करत नाही, ‘नंतर करीन’ अशी चिठ्ठी लिहून ठेवते. या चिठ्ठीला थंक म्हणतात. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून ‘फोल्डएल’ने १ ते १० लाख आकड्यांची बेरीज करा. आकड्याऐवजी आधी लाखो चिठ्ठ्यांची माळ तयार होते आणि प्रत्येक चिठ्ठी मेमरी खाते. उत्तर मागितलं की सगळी उधारी एकदम वसूल! ‘फोल्डएल प्राइम’ मात्र प्रत्येक पावलाला हिशोब चुकता करतं. एवढं साधं फंक्शन वेगळं इम्पोर्ट न करता मिळायला २०२४चं जीएचसी ९.१० उजाडावं लागलं.

‘कंपायलर सांभाळून घेतो की!’ साध्या बेरजेत घेतो. सरासरीसाठी बेरीज आणि संख्या अशी जोडी घेऊन चला. ‘फोल्डएल प्राइम’ जोडीचं फक्त बाहेरचं खोकं उघडतं. कंपायलरला आतलं ओळखता आलं नाही, तर उधारी साचतच राहते. दोन्ही आकड्यांआधी एकेक उद्गारचिन्ह लावा, प्रश्न मिटला.

दुसरा बचाव शुद्धतेचा. शुद्ध फंक्शन म्हणजे त्याच इनपुटला तेच आउटपुट, मागच्या दाराने काही बदल नाही. त्याचा आळसाशी काय संबंध? प्युअरस्क्रिप्ट आणि इड्रिस २ शुद्धही आहेत, स्ट्रिक्टही.

लेझी असण्याचे फायदे मी नाकारत नाही. अनंत यादीतून हवं तेवढंच घेता येतं. तयार करणारा आणि वापरणारा कोड वेगळा ठेवता येतो. जॉन ह्यूज यांनी हा मुद्दा फार पूर्वीच मांडलाय. पण तो आळस मागून घ्यावा, ओकॅमलमध्ये ‘लेझी’ असं लिहून घेतात तसा. काउंटर, बेरजा, रेकॉर्डमधले आकडे यांना उधारी कशाला? जीएचसीत २०१६पासून ‘स्ट्रिक्टडेटा’ आहे. फाइलच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की त्या फाइलमधल्या नव्या टाइपांची फील्ड्स स्ट्रिक्ट होतात.

नाहीतर रात्री दोनला सर्व्हर मेमरी संपून पडतो, टीम शिव्या फंक्शनल प्रोग्रॅमिंगला घालते आणि चांगली भाषा प्रोजेक्टमधून हद्दपार होते. किराणा दुकानातली पाटी हास्केलवाल्यांनी एडिटरवर चिकटवावी: आज रोख, उद्या उधार.